पुण्यातली पोर्ट्रेट सेशनं: कॅमेरे चोख, बोलणं तोकडं

पुण्यात पोर्ट्रेटसाठी फोटोग्राफर शोधावा लागत नाही, निवडावा लागतो. कॅमेरे सगळ्यांकडे उत्तम आहेत, लाइट बरे आहेत, इन्स्टाग्रामवरची पानं तर एकाहून एक देखणी. तरी फोटो हातात आल्यावर घरची मंडळी म्हणतात, "छान आलाय गं, पण तुझ्यासारखा नाही वाटत." अशा फोटोंत उजेड बरोबर असतो, फोकस बरोबर असतो, खांदे मात्र कानांकडे चढलेले असतात आणि हसू ओठांच्या वर सरकलेलं नसतं. पैसे घेताना तास आणि फोटो मोजले जातात, समोरच्या माणसाला मोकळं करायचं काम पॅकेजमध्ये कुठे लिहिलेलंच नसतं. या सेवेची खरी पारख तिथेच करायची.

सध्या शहरात हे काम तीन तऱ्हेनं होतं.

एक म्हणजे पेठांत, कर्वे रस्त्यावर, कॅम्पात अजून टिकून असलेले जुने स्टुडिओ. यांचं रोजचं काम पासपोर्ट, व्हिसा आणि स्थळासाठीचे फोटो. इथले काका वर्षानुवर्षं अनोळखी चेहरे बसवत आलेत. सत्तरी उलटलेल्या आजींना स्टुलावर न बसवता हात असलेल्या खुर्चीत बसवायचं, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांशी लेन्सशेजारी उभं राहून खुणेनं बोलायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. अडचण लाइटची. दिव्यांवर उजेड पसरवायला लावलेल्या दोन छत्र्या, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, सारख्या जोराच्या. पासपोर्टला हेच हवं, कारण तिथे चेहऱ्यावर सावली चालत नाही. तीच मांडणी पोर्ट्रेटला ठेवली की नाक, गाल, हनुवटी सगळं सपाट दिसतं आणि बुबुळांत दोन-दोन पांढरे ठिपके चमकतात. उपाय जागच्या जागी होतो: एक छत्री बंद करायला सांगायची आणि त्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करायचा. बरेच काका खुशीनं करतात. "आम्हाला शिकवू नका" असा चेहरा झालाच, तर पासपोर्ट फोटो काढून घ्यावा आणि निघावं. तो तिथे चांगलाच निघेल.

दुसरी तऱ्हा स्वतःची जागा नसलेल्या, तासाच्या भाड्यानं स्टुडिओ घेणाऱ्या फोटोग्राफरांची. नोकरीसाठीचा, लिंक्डइनचा, पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा, नाटक-सिनेमाच्या ऑडिशनसाठीचा फोटो यांच्याकडून घ्यावा. उजेड पूर्ण हातात असतो. ९० ते १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (दिव्यावर बसवायची अष्टकोनी कापडी पेटी) चेहऱ्यापासून मीटर-सव्वा मीटरवर, डोळ्यांच्या थोडा वर ठेवला की त्वचा मऊ दिसते. तोच दिवा तीन मीटर मागे नेला की सावल्यांच्या कडा धारदार होतात, कारण चेहऱ्याच्या दृष्टीनं तो आता लहान झालेला असतो. जागा अपुरी म्हणून नव्हे, तर सवयीनं दिवा लांब ठेवणारे बरेच भेटतात. जवळ आणायला सांगायला हरकत नाही. इथे घोळ होतो तो वेळेचा. भाड्याचा तास सुरू होतो तेव्हा फोटोग्राफर स्टँड उघडत असतो, आणि तुमची २० मिनिटं त्यात जातात. "माझा तास लाइट लागल्यावर सुरू होणार ना?" हे आधी विचारावं. आणखी एक: मागे लावायच्या कागदी बॅकड्रॉपचा रोल साधारण २.७२ मीटर रुंद असतो. एका माणसाला तो प्रशस्त होतो, पण चारपेक्षा जास्त जण एका ओळीत उभे राहिले की कडा दिसायला लागतात. कुटुंबाचा फोटो असेल तर पुढे खुर्च्या, मागे उभे, अशा दोन ओळी ठरवूनच जावं.

तिसरी तऱ्हा आउटडोअर, आणि सध्या सगळ्यात चलती हिचीच आहे. फोटो सुंदर येतात, बेतही सगळ्यात जास्त हिचाच फसतो. त्याबद्दल पुढे.

पहिला फोन

दर विचारायला केलेल्या फोनवर अर्धी निवड होऊन जाते. पलीकडचा पहिलाच प्रश्न "बजेट किती?" असेल तर जरा थांबावं. "फोटो कशासाठी हवाय?" असा असेल तर बोलणं पुढे न्यावं. हा प्रश्न गप्पांसाठीचा नाही. प्रोफाइलचा गोल फोटो डोक्याभोवती जागा सोडून काढावा लागतो, मलपृष्ठाला उभा लागतो, वेबसाइटच्या पट्टीला आडवा आणि एका बाजूला मोकळा, भिंतीवरच्या फ्रेमला तर कापडाचा पोतही दिसायला हवा. हे माहीत नसताना काढलेले २०० फोटो दिसायला छान असतात, उपयोगाचे त्यातले दोन.

मग त्यांचं काम मागवावं, पण २० ग्राहकांचे निवडक २० फोटो नकोत. एकाच माणसाचं अख्खं सेशन दाखवा म्हणावं, ज्यानं परवानगी दिलीय त्याचं. त्यात साधारण तुमच्या वयाचा, तुमच्या रंगाचा माणूस असला तर उत्तम. सावळ्या चेहऱ्यावर यांनी काय केलंय ते नीट पाहावं. चेहरा उजळ आणि कानाची पाळी, मान, हात वेगळ्याच रंगाचे दिसले, तर ते उजळवणं एडिटिंगमधलं आहे आणि न विचारता केलेलं आहे. तुमच्याही फोटोवर ते होणार.

स्वतःच्या चेहऱ्यातलं काय आवडत नाही, हे फोनवरच सांगून टाकावं. पुढे आलेला दात, एक डोळा किंचित बारीक, जुनी खूण, दुहेरी हनुवटी. स्टुडिओत असिस्टंट, मेकअपवाली ताई आणि सोबत आलेल्या मावशींसमोर हे सांगणं जड जातं. मुरलेला फोटोग्राफर हे स्वतःहून विचारतो आणि त्यानुसार बाजू, उंची, दिव्याची जागा ठरवून येतो. "काही काळजी करू नका, एडिटमध्ये काढून टाकू" हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण त्याचा अर्थ फोटो काढताना तिकडे लक्ष जाणार नाही.

सोबत कोण आणता येईल, कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का, सेशनला किती माणसं असतील, असिस्टंट ताई असेल का, हेही विचारावं. यात संकोच कसला? ज्याला या प्रश्नांचा राग येतो त्याच्यासमोर तासभर सहज बसणं कुणालाच जमणार नाही.

पॅकेज तोलायची एक सोपी रीत आहे. समजा एक जण ५,००० रुपयांत १ तास आणि १० फोटो देतो, दुसरा ७,५०० रुपयांत २ तास आणि तेवढेच १० फोटो. फोटोमागे हिशेब केला तर दुसरा महाग. पण अवघडलेपण जायला पहिली २० मिनिटं धरा आणि एकदा कपडे बदलायला १० मिनिटं. पहिल्याकडे कामाची ३० मिनिटं उरली, दुसऱ्याकडे ९०. आता मिनिटाला पहिला पडतो १६७ रुपये आणि दुसरा ८३. ज्यांना कॅमेऱ्याची सवय आहे त्यांनी खुशाल पहिला घ्यावा. बाकीच्यांनी फोटोंची संख्या कमी करून वेळ वाढवून मागावा.

कुठे आणि किती वाजता

"संध्याकाळी साडेपाचला भेटू" हे वर्षभर चालत नाही. डिसेंबरात पुण्याचा सूर्यास्त सहाच्या आसपास, मेअखेर सात वाजून गेल्यावर. म्हणजे साडेपाच ही वेळ डिसेंबरात उशिराची आणि मेमध्ये फार लवकरची. सूर्यास्ताच्या दीड तास आधी जागेवर असणं हा हिशेब बरा. सूर्य एखाद्या टेकडीआड किंवा इमारतीआड जाणार असेल तर आणखी अर्धा तास अलीकडे यावं. मेच्या मध्याला तर पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाखाली मिशीसारखी सावली, दोन्ही एकदम मिळतात.

वेताळ टेकडी ऑगस्ट ते ऑक्टोबर हिरवी असते, जानेवारीपासून गवत वाळून तांबूस होतं. या वाळक्या गवतासमोर मातकट, निळे, पांढरे कपडे फार छान उठतात. हिरव्याच्या हट्टापायी ते दिवस वाया घालवू नयेत. फेब्रुवारीत गिरिपुष्पाला फिकट गुलाबी बहर येतो, तो थोडेच दिवस टिकतो. माथ्यावर वारा असतो. मोकळे केस आणि पदर सांभाळायला सोबत कुणीतरी हवं, आणि सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावलेला स्टँड वाळूच्या पिशवीशिवाय उभा केला तर तो पडणारच. फोटोग्राफर एकटाच येणार असेल तर टेकडीवर फक्त रिफ्लेक्टरवर (उजेड चेहऱ्यावर परतवणाऱ्या पडद्यावर) काम करायला सांगावं.

पाताळेश्वर लेण्यांचा दगड अनेकांच्या डोळ्यांत भरतो, पण काळा बेसाल्ट उजेड गिळतो. पिवळ्या भिंतीशेजारी उभं राहिलं की चेहऱ्याच्या सावलीतल्या बाजूला भिंतीवरून थोडा उजेड परत मिळतो. इथे तो मिळत नाही आणि अर्धा चेहरा बुडतो. पांढरा रिफ्लेक्टर छातीच्या उंचीवर धरणारा माणूस इथे हवाच. शिवाय ही लेणी आणि शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत. ट्रायपॉड, लाइट स्टँड आणायचे तर आधी परवानगी लागते. पाताळेश्वर चालतं देवस्थान आहे, तेव्हा बूट घालून पायऱ्यांवर ऐटीत बसायचे बेत घरीच सोडावेत.

एम्प्रेस गार्डनमधली झाडं जुनी आणि दाट. गर्द सावलीत खालच्या गवताचा आणि वरच्या पानांचा हिरवा रंग हनुवटीखाली उतरतो, आणि एडिटिंगमध्ये तो काढताना त्वचा निर्जीव होते. त्यावर उपाय असा, की सावलीच्या कडेला उभं राहून तोंड मोकळ्या आभाळाकडे करायचं. पानांतून गळणारे उन्हाचे कवडसे गालावर पडत नाहीत ना, एवढं पाहायचं. रविवार टाळावा.

पेठांतल्या अरुंद बोळांत हिवाळ्यात दुपारीही एका बाजूला सावली असते, आणि एक ते चार बंद शटरांसमोर कुणी हटकत नाही. पुण्याच्या या वेळापत्रकाचा फोटोग्राफरांइतका फायदा क्वचितच कुणाला होत असेल. वाड्याच्या दारात उभं राहायचं असेल तर मात्र राहणाऱ्यांना विचारावं. महापालिकेच्या बागांत मोठा कॅमेरा आणि स्टँड पाहून सुरक्षारक्षक अडवू शकतो, कॉलेजांच्या आवारांतही तेच. परवानगी कुणी काढायची आणि तिचं शुल्क कुणी भरायचं, हे अ‍ॅडव्हान्स देण्याआधी ठरवून घ्यावं.

"एका संध्याकाळी दोन लोकेशन" असं पॅकेजात लिहिलेलं असतं, त्याला भुलू नये. टेकडीवरून उतरून कॅम्पाच्या बाजूला पोहोचेपर्यंत विद्यापीठ चौकातच सूर्य मावळतो. दोन जागा हव्याच असतील तर एकमेकींपासून चालत जाता येतील अशा निवडाव्यात.

जुलैतलं ढगाळ आभाळ पोर्ट्रेटला वाईट नाही. उजेड मऊ असतो, फक्त वरून येतो, म्हणून डोळे काळवंडतात. खालून रिफ्लेक्टर दिला की काम झालं. मात्र जून ते सप्टेंबरच्या बुकिंगला पावसाची अट लेखी असावी: तारीख किती वेळा बदलता येईल, आणि अ‍ॅडव्हान्स पुढच्या तारखेला वळता होणार की बुडणार.

कपडे, केस, नथ

बारीक चौकटीचे आणि बारीक रेघांचे शर्ट नकोत, त्यांच्यावर सेन्सरमुळे इंद्रधनुषी लाटा उमटतात. भडक पोपटी, नारिंगी कपड्यांचा रंग हनुवटीवर पडतो. पैठणीचा जरीकाठ समोरच्या फ्लॅशला पांढराफटक होतो. दिवा बाजूला घेतला की जरीचा सोनेरी रंग टिकतो आणि बुट्टीही दिसते. नथ आपल्याकडे डाव्या नाकपुडीत असते, म्हणून मुख्य उजेड त्याच बाजूनं हवा. उजवीकडून दिला तर नथ नाकाच्या सावलीत जाते आणि मोती मळके दिसतात. दिवा फार उंच असला तर नथीची सावली वरच्या ओठावर पडते आणि ती एडिटिंगमध्ये सहज निघत नाही. चष्म्यावर चमक आली तर दिवा थोडा वर घ्यायला सांगावं, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा सेंटिमीटर उचलाव्यात. काचा किंचित खाली झुकतात आणि चमक जाते.

केस कापायचे असतील तर आठवडाभर आधी, आयब्रो-फेशियल तीन-चार दिवस आधी. आदल्या दिवशी नवं क्रीम लावून पाहू नये. आणि दुचाकीवरून हेल्मेट, स्कार्फ बांधून येणाऱ्यांनी अर्धा तास आधी पोहोचावं: केस बसलेले असतात, कपाळावर पट्टीचा वळ असतो, कॉटनची साडी चुरगळलेली असते. इस्त्रीचे कपडे हँगरवर आणून तिथेच बदलणं सगळ्यात बरं.

कॅमेऱ्यासमोरची पहिली दहा मिनिटं

इथे चांगला आणि मध्यम फोटोग्राफर वेगळे ओळखू येतात.

मध्यम माणूस कॅमेरा डोळ्याला लावतो आणि म्हणतो, "हं, नॅचरल राहा. हसा मॅडम." मग शांतता. समोरच्याला कळत नाही की हातांचं काय करायचं. मग "हनुवटी खाली", "अजून थोडी", "नाही, एवढी नको" अशा तुटक सूचना, आणि दर सूचनेनंतर तो स्क्रीनकडे पाहून कपाळाला आठी घालतो. ही आठी बहुतेक वेळा एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटो किती उजळ आला यासाठी असते, पण खुर्चीत बसलेल्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिथून पुढे चेहरा आखडतो तो आखडतोच.

चांगला माणूस आधी दोन-तीन मिनिटं कॅमेरा खाली ठेवून बोलतो, आणि बोलताना तुम्ही मान कुठे कलता, हसताना कुठला गाल वर जातो, ते पाहत असतो. पहिले काही फोटो लाइट तपासायचे आहेत, हे फेकायचेच आहेत, असं सांगून टाकतो. सूचना तोंडानं कमी आणि स्वतः करून जास्त देतो: समोर उभा राहून आपला खांदा फिरवतो, तुम्ही आरशातल्यासारखं करायचं. वजन मागच्या पायावर घ्यायला सांगतो, म्हणजे उभं राहणं आपोआप सैल होतं. हनुवटीबद्दल त्याची सूचना वेगळी असते: आधी कपाळासकट पुढे आणा, मग किंचित खाली. बसल्या जागी हे विचित्र वाटतं, पण फोटोत जबड्याची रेघ स्पष्ट होते आणि दुहेरी हनुवटी कमी होते. हातांना काम देतो, म्हणजे चष्मा धरा, बाही दुमडा, पदराचा काठ बोटांत घ्या. डोळे मिटवून, श्वास सोडून, तीन म्हटल्यावर उघडायला लावतो. त्या क्षणी भुवया सैल असतात. आणि हसण्यासाठी "हसा" असं कधीच म्हणत नाही.

तो अंतरही राखतो. एकट्याच्या पोर्ट्रेटला ८५ मिलिमीटरच्या आसपासची लेन्स घेऊन दीड ते अडीच मीटरवर उभा राहतो. रुंद लेन्स घेऊन अर्ध्या मीटरवर आला तर नाक मोठं, कान लहान दिसतात, शिवाय माणूस एवढा जवळ आल्याचं दडपण वेगळंच. केसांची बट, पदर, कॉलर नीट करायची तर आधी विचारतो किंवा सोबतच्या माणसाला करायला सांगतो. न विचारता हात लावणाऱ्याला तिथल्या तिथे "मी करते" म्हणावं. एवढं सांगूनही फरक पडला नाही तर सेशन थांबवणं योग्य.

फोटो मध्ये मध्ये दाखवावेत का, याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: दहा मिनिटांनी दोन-तीन चांगले दाखवावेत, प्रत्येक क्लिकनंतर नाही. दर वेळी स्क्रीन पाहणारा माणूस हळूहळू स्वतःचा परीक्षक होतो आणि समोर बघायचं विसरतो.

लहान मुलांचं गणित साधं: झोप झालेली, पोट भरलेलं, आणि २० ते ३० मिनिटं. फोटोग्राफर गुडघ्यांवर आला नाही तर पैसे वाया.

फोटो हातात येताना

निवड तुम्ही करणार की ते, हे आधी ठरलेलं असावं. तुम्ही करणार असाल तर एकटं बसून करू नका. आपल्याला आपला चेहरा आरशातला, उलटा पाहायची सवय असते आणि फोटोतला सरळ चेहरा परका वाटतो. घरातल्या एकाला शेजारी घ्या. रिटचिंगची मर्यादा एका वाक्यात सांगता येते: पंधरा दिवसांत जे जाणार आहे ते काढा, जे राहणार आहे ते राहू द्या. पुटकुळी जावी, तीळ राहावा. नाकावरची त्वचा मोठी करून पाहा; रोमरंध्रं पुसून मेणासारखी झाली असेल तर फाइल परत पाठवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो दाबून लहान झालेले असतात, छपाईला चालत नाहीत. ड्राइव्हची लिंक मागा. १२ बाय १८ इंचाची चांगली प्रिंट ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर फाइल ३,६०० बाय ५,४०० पिक्सेलची लागते. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, एडिट न केलेली) सहसा देत नाहीत आणि त्यात गैर काही नाही. त्या किती महिने जपून ठेवणार, एवढं विचारावं. जीएसटी लागू असेल तर १८ टक्के दरात धरलाय की वेगळा, हेही.

हक्कांबाबत बहुतेक ग्राहकांना आणि काही फोटोग्राफरांनाही माहीत नसतं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणून सहीसाठी पुढे केलेल्या फॉर्मवर "सर्व हक्क फोटोग्राफरकडे" अशी ओळ आहे का, ते वाचून मगच सही करावी. काम आवडलं असेल तर त्यांना त्यांच्या पानावर चार फोटो टाकू द्यायला काही हरकत नाही. कोणते चार, नावासकट की नावाशिवाय, आणि मुलांचा एकही नाही, हे बिलाच्या मागे लिहून दोघांनी सही केली तरी पुरतं.